परदेशी इंग्रजी शिकविण्याची पहिली नोकरी

मागच्या पावसाळ्यात दहावीच्या वर्गातील एका मुलीने मला विचारले, "बाई, इंग्रजी शिकवायला परदेशात जाता येते का? पण आपण तर मराठी माध्यमातले!" प्रश्न सोपा होता, त्यामागून आलेल्या त्या 'पण'ने मात्र मला विचारात पाडले.

जाता येते; आपल्या देशातील शिक्षक पूर्वीही गेलेले आहेत. सम्राट हैले सेलासी यांच्या राजवटीत, 1950 नंतरच्या काळात, इथिओपियातील शाळांतून अनेक भारतीय शिक्षक, विशेषतः केरळातील, शिकवीत असत. मालदीवच्या बेटांवरही भारतीय शिक्षक पुष्कळ आढळतात. तथापि सर्व दारे आपल्याला सारखीच उघडी नाहीत, हे विद्यार्थ्यांपासून लपविणे बरे नव्हे. दक्षिण कोरियाने इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांपुरताच ठेवला होता. 2010 मध्ये अमलात आलेल्या भारत-कोरिया आर्थिक कराराने भारतीयांना सहायक इंग्रजी शिक्षक होण्याची वाट मिळाली. पण आपल्याकडून पदवीखेरीज अध्यापनाची सनदही मागितली जाते.

पदवी मिळाल्यावर मीही एका परदेशी संस्थेकडे अर्ज धाडला होता. 'मातृभाषा' या रकान्यात मी प्रामाणिकपणे 'कोंकणी' असे लिहिले. एका ओळीत नकार आला : इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे, त्यांचाच विचार होईल. माझे इंग्रजी कसे आहे, हे कोणी विचारलेसुद्धा नाही! तो अन्याय होता, असे मला आजही वाटते.

कारण भाषा येणे निराळे आणि ती परक्याला शिकविता येणे निराळे. 'आय हॅव सीन हिम येस्टरडे' हे वाक्य घ्या. हे चूक का? जन्मापासून इंग्रजी बोलणारा पुष्कळदा एवढेच सांगेल की, कानाला बरे वाटत नाही. आपण मात्र सांगू शकतो. मराठीत 'मी त्याला काल पाहिले आहे' हे वाक्य खपून जाते, म्हणून ती चूक आपल्या हातून सहज होते. इंग्रजीत 'काल' असा गेलेल्या काळाचा शब्द आला की 'हॅव' चालत नाही, साधा भूतकाळच हवा. 'अ' आणि 'द' यांचेही तसेच. मराठी, तेलुगू, कोंकणी यांत तसली उपपदे नाहीत. कोरियन व थाई भाषांतही नाहीत. तेथील मूल जेथे अडखळते, तेथेच आदिलाबादचे मूल अडखळलेले असते. घरी मराठी, बाजारात तेलुगू, शेजारी उर्दू किंवा गोंडी ऐकत वाढलेल्या मुलाला भाषाभाषांतील फरक पुस्तकातून शिकावा लागत नाही. मुलाखतीत सांगण्यासारखे आपल्याजवळ काही असेल, तर ते हेच.

पण सांगण्यापूर्वी ते सिद्ध करता आले पाहिजे. प्रथम पदवी, शक्य तर त्यानंतर बी.एड. इंग्रजी अध्यापनाच्या खास शिक्षणाला फार लांब जावयास नको. हैदराबादेत 1958 साली स्थापन झालेली केंद्रीय इंग्रजी संस्था आज इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ म्हणून ओळखली जाते, आणि परदेशातील माणसे तेथे इंग्रजी शिकावयास येतात! आपल्याकडील किती जणांना हे ठाऊक आहे? केंब्रिजचा 'सेल्टा' हा अभ्यासक्रमही अनेक देशांत मानला जातो. त्यात निदान 6 तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवून दाखवावे लागते. तो बराच खर्चाचा आहे. कर्ज काढून करू नये, असे माझे मत आहे. त्याआधी दोन वर्षे येथल्याच एखाद्या शाळेत खडू हाती घ्यावा.

दलालांविषयी पालकांना सांगावयाचे आहे. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्याला 1983 च्या उत्प्रवास कायद्याने नोंदणी सक्तीची केली. नोंदणी क्रमांक विचारावा व सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तो पडताळावा. पावतीवाचून पैसा देऊ नये. पर्यटकाच्या व्हिसावर जा, नोकरी मागाहून नियमित होईल, असे सांगणाऱ्याला घरात बसवूही नये.

राहिली कागदपत्रे. पदवीपत्र परदेशात ग्राह्य ठरावे म्हणून त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा 'अपोस्टिल' शिक्का घेतात. त्यासंबंधीच्या हेग करारात भारत 2005 पासून सामील आहे. पोलिसांचा दाखला पारपत्र कार्यालयातून मिळतो. हे सारे पुढचे. पहिली अडचण मात्र दहावीतच उभी राहते, ती नावाची. आपल्याकडे तेलुगू वळणाने इंग्रजी लिहिणारे 'लता'तल्या 'त'साठी 'टी'पुढे 'एच' घालतात, मराठी वळणाने लिहिणारे घालीत नाहीत. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारपत्रावर दुसरे; मग पारपत्राच्या वेळी खेटे सुरू होतात.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले की, दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी आपली सारी कागदपत्रे घेऊन ये. दुसऱ्या दिवशी ती तीन कागद घेऊन आली. तिचे नाव तिन्हींवर निरनिराळे होते. आम्ही दोघी मधल्या सुट्टीत कार्यालयात जाऊन दुरुस्तीचा अर्ज लिहावयास बसलो.