व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर? आधी स्पीकर बघा!

माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे.

दिवाळीत सांगलीला काकांकडे गेले होते. काका नुकतेच रिटायर झालेत. फंडाच्या पैशातून त्यांना अॅम्प्लिफायर घ्यायचा होता. मुंबईच्या एका दुकानात त्यांनी ३००बी व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर ऐकला आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नव्हतं.

"अगं, गवई समोर बसून गातोय असं वाटलं! काचेत दिवा लागतो, आजोबांच्या रेडिओत लागायचा तसा. तू इलेक्ट्रॉनिक्सची ना? सांग, घेऊ का?"

किंमत माझ्या चार वर्षांच्या फीच्या आसपास होती. काकू काही न बोलता पोळ्या लाटत होत्या. एवढी मोठी व्हायवा माझी आजवर कोणी घेतलेली नाही.

"काका, आधी तुमचे स्पीकर दाखवा," मी म्हटलं. मागच्या लेबलवर लिहिलं होतं: सेन्सिटिव्हिटी ८६ डीबी, ८ ओहम. म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर ८६ डीबी आवाज. पॉवर दुप्पट केली की फक्त ३ डीबी वाढतात, आणि १० डीबी हवे असतील तर दहापट पॉवर लागते. असा एकच ३००बी सिंगल-एंडेड जोडणीत साधारण ८ वॅट देतो, म्हणजे ९ डीबी जास्त, एकूण ९५. सोफा तीन मीटर लांब, तिथे याहून कमीच. सकाळचा विलंबित ख्याल हळू आवाजात आरामात चालेल, पण तबल्याची जोरकस थाप आली की अॅम्प्लिफायर क्लिप होणार. काकांचा जुना ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर ६० वॅटचा आहे. म्हणजे जवळजवळ ९ डीबी जास्त हातात.

"मग दुकानात इतकं गोड का वाटलं?" हा प्रश्न खरा महत्त्वाचा.

व्हॉल्व्हला शेकडो व्होल्ट लागतात आणि त्यातून करंट थोडा मिळतो. स्पीकरला नेमकं उलट हवं असतं. म्हणून मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवतात. फीडबॅक नसेल तर अशा अॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स २-३ ओहम येतो. चांगल्या ट्रान्झिस्टरवाल्याचा ०.०५ ओहम असू शकतो. आता फर्स्ट इयरचा व्होल्टेज डिव्हायडर आठवा. "८ ओहम"चा स्पीकर प्रत्यक्षात कुठे ६, तर बेसच्या रेझोनन्सपाशी ३० ओहमसुद्धा असतो. सोर्स २.२ ओहमचा धरला तर ६ ओहमला ७३ टक्के व्होल्टेज मिळतं आणि ३० ओहमला ९३ टक्के. फरक दोन डीबीचा, आणि तो कानाला सहज कळतो. बेस गुबगुबीत होतो. ट्रान्झिस्टरला दोन्हीकडे ९९ टक्क्यांच्या वर मिळतात. व्हॉल्व्हची सेकंड हार्मोनिक असतेच, पण "गरम आवाजा"तला बराच भाग हा साधा डिव्हायडर आहे. १९८५ साली अमेरिकेत बॉब कार्व्हरने पैज घेऊन आपला ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायर एका महागड्या व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरसारखा ट्यून केला होता. 'स्टीरिओफाइल' मासिकाच्या परीक्षकांना फरक सांगता आला नाही.

येताना मी बुधवार पेठेतून २.२ ओहम, १० वॅटचे दोन पांढरे रेझिस्टर आणले होते. काकांना न सांगता ते स्पीकरच्या सिरीजमध्ये लावले. पहिल्यांदा आवाज कमी झाला आणि काका म्हणाले, "काय बिघडवलंस?" चूक माझीच, आवाज जुळवून घ्यायला हवा होता. तो जुळवला आणि तीच रेकॉर्ड परत लावली.

"अरे, हाच तो आवाज! काय केलंस?"

एकाच माणसावर, एकाच दुपारी केलेला हा प्रयोग आहे, सर याला जर्नलमध्ये सही देणार नाहीत. पण काका रेझिस्टरकडे बराच वेळ बघत राहिले.

याचा अर्थ व्हॉल्व्ह वाईट असा नाही. ९५ डीबीच्या पुढचे हॉर्न स्पीकर असतील तर ८ वॅट खूप झाले. इम्पिडन्स सपाट असेल तर तो दोन डीबीचा गोंधळही होत नाही. ज्यांना पॉवर हवी त्यांच्यासाठी ईएल-३४ ची पुश-पुल जोडी आहे, ती ३०-४० वॅट देते. मात्र पॉवर व्हॉल्व्ह काही हजार तासांत थकतात, बदलायचा खर्च धरूनच घ्या.

हॉस्टेलवर स्वतः बांधायचा कोणाचा विचार असेल तर एक ऐका. चार ईएल-३४ चे नुसते हीटर ३८ वॅट खातात (रेक्टर इमर्शन रॉडवरून काय करतात ते माहीत आहेच), पण काळजी त्याची नाही. आत ४०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात. ब्लीडर रेझिस्टर लावा, मीटरने शून्य बघा, मगच हात घाला. एकट्याने रात्री दोन वाजता तर नकोच. आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर चालवू नका, ट्रान्सफॉर्मर जाईल.

काकांनी अॅम्प्लिफायरचा बेत सध्या सोडलाय. आता ते ९८ डीबीचे हॉर्न स्पीकर शोधतायत. ते कपाटाएवढे असतात हे काकूंना मी अजून सांगितलेलं नाही.