लांबून घर सांभाळताना

मेलबर्न
धनत्रयोदशी, 2 नोव्हेंबर 2021

चि. नंदूस,
 

परवा फोनवर तू म्हणालास, "आत्या, आता सीमा उघडतायत. मी राजीनामा देतो आणि साताऱ्याला परत जातो. आजी गेली तेव्हा मी तिथे नव्हतो. उद्या बाबांच्या बाबतीत असंच झालं तर मी कुठल्या तोंडाने जगू?" तेवढ्यात बाळ रडायला लागलं आणि बोलणं अर्धवट राहिलं. फोनवर या गोष्टी नीट बोलता येत नाहीत, म्हणून हे पत्र. सावकाश वाच आणि सूनबाईंनाही वाचायला दे, कारण जायचं की राहायचं हा निर्णय तुझ्या एकट्याचा नाही.

आधी मनातलं एक ओझं उतरव. तू गेला नाहीस असं नाही, तुला जाता आलं नाही. 20 मार्च 2020 ला कोविडमुळे ऑस्ट्रेलियाने बाहेरच्यांसाठी दार लावलं आणि पाचच दिवसांत आपल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना देशाबाहेर जायलाही परवानगी लागू लागली. परवानगी मिळवून गेलंच, तर परतीच्या विमानात जागा मिळेल याची खात्री नव्हती, कारण रोज किती माणसं उतरवायची यावर मर्यादा होती. त्यापुढे हॉटेलातले 14 दिवस, तेही स्वतःच्या खर्चाने. यंदा एप्रिलच्या शेवटी भारतातून येणारी विमानं बंद झाली. 3 मे पासून 15 मे पर्यंत तर भारतातून इकडे येणाऱ्या ऑस्ट्रेलियन नागरिकालाही 5 वर्षांपर्यंत कैद आणि 66,600 डॉलरपर्यंत दंड होऊ शकत होता. आई, म्हणजे तुझी आजी, गेली ती याच सुमारास. आणि आईवडिलांना इकडे आणावं म्हटलं, तर कालपरवापर्यंत त्यांची गणना 'जवळच्या कुटुंबात' होत नव्हती. नवरा-बायको आणि पोसायची मुलं, एवढंच कुटुंब. 1 नोव्हेंबरपासून आईवडील त्यात आले. असं असताना तू स्वतःला गुन्हेगार का ठरवतोस?

मी वृद्धाश्रमात नर्स आहे, हे तुला माहीत आहे. गेल्या वर्षी इथल्या हिवाळ्यात, दुसऱ्या लाटेत, व्हिक्टोरियात सुमारे 800 माणसं दगावली आणि त्यातली बहुतेक वृद्धाश्रमांतली होती. भेटी बंद होत्या. मुलं बाहेर बागेत उभी राहून, काचेला हात टेकवून, फोनवर आईशी बोलायची. त्यांतली कितीतरी शेजारच्याच उपनगरात राहणारी, इथेच जन्मलेली. त्यांनाही आईचा हात हातात घेता आला नाही. म्हणून सांगते, परदेशात राहणं हे काही पाप नाही. या महामारीत जवळची माणसंही लांबच होती.

पण त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट पाहिली. काही घरचे लोक रोज ठरल्या वेळी फोन करायचे. आई जेवली का, कुठली गोळी बदलली, चालताना कुठला पाय ओढते, हे सगळं त्यांना ठाऊक असायचं. फोन आला की आम्हीही त्या खोलीत जरा जास्त थांबून पाहून यायचो. काही जण मात्र महिनाभर गप्प राहायचे आणि एक दिवस रडत, ओरडत यायचे. प्रेम दोघांचंही होतं. उपयोग पहिल्यांचा झाला. मला तुला हेच सांगायचं आहे. जबाबदारी रोज थोडी थोडी घ्यायची असते. एकदम धावत जाऊन ती फेडता येत नाही.

आता तुझ्या ताईबद्दल. ती पुण्याहून ई-पास काढून साताऱ्याला आली आणि आजारपणात आईपाशी राहिली. तेव्हा तिने एक वही ठेवली होती, नंतर तिच्या पानांचे फोटो मला पाठवले. दर चार तासांनी वेळ, ताप, ऑक्सिजन आणि साखर, आणि शेवटच्या रकान्यात पोटात काय गेलं ते. एका पानावर लिहिलं आहे, "पहाटे 4. ऑक्सिजन 91. दोन चमचे पेज. नंदूचं नाव घेतलं." खाली वेगळ्या शाईने औषधाच्या दुकानांचे फोन नंबर, त्यांतले बहुतेक खोडलेले. रेमडेसिविरसाठी ती कुठे कुठे फिरली, त्याचा तो हिशेब. त्याच रात्री तू सिडनीहून इंटरनेटवर वाचलेले उपचार तिला पाठवत होतास, आणि उत्तर आलं नाही म्हणून रागावलाही होतास. तुझी काळजी खरी होती, यात मला शंका नाही. पण जो माणूस खाटेपाशी उभा आहे, त्याला दुरून सूचना देऊ नयेत. त्याला विचारावं, "मी काय करू?" आणि तो सांगेल ते करावं.

इथे बसून करता येण्यासारखं खूप आहे. दादांच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या, मेडिक्लेमचं नूतनीकरण, दाव्याची कागदपत्रं, विजेचं बिल, घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबची वेळ घेणं, कामाला येणाऱ्या मावशींचा पगार, ही सगळी कामं तू अंगावर घे. ताईला सांग, "यापुढे हे तुझ्याकडे नको." पैशाच्या बाबतीत तिच्याशी निम्मानिम्मा हिशेब मांडू नकोस. ती वेळ देते, रजा घालवते, रात्री जागते. तिचा वाटा तिने कधीच दिला आहे. पैशाची बाजू पुरती तुझी. आणि तिचे आभार मनात ठेवू नकोस, दादा-वहिनींसमोर बोलून दाखव. घरात राहून करणाऱ्याचं कुणाला काही वाटत नाही आणि वर्षाकाठी येणाऱ्याचं कौतुक होतं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. ती तू मोड.

फोनचं म्हणशील, तर तू रात्री जेवण झाल्यावर करतोस. तुझे साडेआठ वाजतात तेव्हा साताऱ्यात दुपारचे तीन, म्हणजे दादांची झोपेची वेळ. दुपारी साडेतीन-चारला करत जा. तिकडे दहा-साडेदहा झालेले असतात, अंघोळ-पूजा आटोपून दादा पेपर घेऊन बसलेले असतात. "बरं आहे ना?" असं विचारलंस की "सगळं ठीक" हेच उत्तर यायचं. त्याऐवजी विचार, "आज पोवई नाक्यापर्यंत गेलात की मध्येच परतलात?" "तीन महिन्यांची साखर किती आली?" वहिनीला निराळा फोन कर. दादांसमोर ती स्वतःच्या गुडघ्यांबद्दल अवाक्षर काढणार नाही. आणि तुझ्याकडची वाईट बातमीही त्यांना सांगत जा. गेल्या वर्षी तुझा पगार कापला गेला, तो तू आठ महिने लपवलास. मुलगा आपल्यापासून काही लपवतो असं कळलं की आईवडीलही लपवायला शिकतात, आणि मग आजार कळतो तो उशिरा.

कागदपत्रांचं काम या दिवाळीनंतर लगेच धर. दादांच्या प्रत्येक खात्यावर नॉमिनेशन आहे का, खाती वहिनीबरोबर संयुक्त आहेत का, घराचे कागद कुठल्या कपाटात आहेत, कोणती औषधं चालू आहेत, डॉक्टरांचा नंबर काय, हे सगळं एका कागदावर लिही आणि त्याची प्रत तुम्हा भावंडांकडे राहू दे. तिकडच्या व्यवहारांसाठी ताईला कुलमुखत्यारपत्र द्यावं लागेल का, ते वकिलाला विचार. असं बोलणं अभद्र वाटतं, ठाऊक आहे मला. पण ऐन वेळी बँकेच्या पासवर्डसाठी रडत्या बाईला प्रश्न विचारणं त्याहून अभद्र.

आता तुझ्या इकडच्या घराकडे वळते. सूनबाई ऑगस्टमध्ये बाळंत झाली. तेव्हा सिडनीतल्या तुमच्या पॅरामॅटात रात्री नऊनंतर संचारबंदी आणि पाच किलोमीटरची हद्द. ना तिची आई येऊ शकली, ना वहिनी. बाळाला तेल कसं लावायचं, पायांवर कसं घ्यायचं, ते ती नागपूरच्या आईकडून फोनच्या पडद्यावर बघून शिकली. आजीच्या दुःखात तू बुडालास ते बरोबरच होतं, पण तिचे दिवस तू पुरते पाहिले नाहीस, असं मला वाटतं. दोघांचं ऑफिस घरातच आहे. मग बाळाच्या रात्रीच्या जागरणांची वाटणी ठरवून घ्या आणि स्वयंपाकाचीही. "मी तिला मदत करतो" असं तू म्हणतोस, ते सोडून दे. घर तुझंही आहे.

म्हणूनच पहिलं तिकीट काढायचं ते तिच्या आईवडिलांचं. दादा-वहिनींना मी स्वतः समजावेन. त्यांना राग येणार नाही, आणि आलाच तर तो मी झेलेन. लेकीला बाळंतपणात आई मिळाली नाही, ती आता तरी मिळू दे. तुझ्या सासऱ्यांनी कोव्हॅक्सिन घेतली म्हणून तू चिंतेत होतास. कोव्हिशील्ड लस ऑस्ट्रेलियात आधीच मान्य झाली होती, कालपासून कोव्हॅक्सिनही झाली. आईवडील म्हणून सवलत मागायची तर नात्याचा पुरावा द्यावा लागेल. जन्मदाखला, पासपोर्ट आणि आधार यांवरची नावं आजच जुळवून बघ. आपल्याकडे एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं आणि तिसऱ्यावर वडिलांचं नाव गाळलेलं, असं हमखास असतं. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणायला सांग, तीन महिन्यांहून जास्त नकोत. प्रवासाचा विमा घेताना जुन्या आजारांबद्दलची अट वाचल्याशिवाय पैसे भरू नकोस. भारतातून नियमित विमानसेवा अजून सुरू झालेली नाही, तेव्हा घाई न करता पण नेटाने मागे लाग.

आणि दाराबाहेरची माणसं विसरू नकोस. गेल्या वर्षी हॉटेलं बंद पडली तेव्हा हॅरिस पार्क भागातल्या किती मुलांची कामं गेली, ते तू पाहिलंस. तात्पुरत्या व्हिसावरची म्हणून सरकारच्या 'जॉबकीपर' मदतीतून ती वगळली गेली. इथे मेलबर्नला शीख स्वयंसेवकांनी घरोघर फुकट जेवण पोचवलं आणि त्यात जात, धर्म, व्हिसा काहीही विचारलं नाही. तुझ्या खालच्या मजल्यावर नांदेडची दोन मुलं राहतात. त्यांचेही आईबाप रात्री जागेच असतात. या दिवाळीत त्यांना जेवायला बोलाव, आणि दिवाळीनंतरही अधूनमधून बोलावत जा. साताऱ्यात दादांचं सामान आणून देणारा शेजारचा मुलगा हेच करतो. आपल्या माणसांसाठी कुणी धावून यावं असं वाटत असेल, तर आपणही कुणासाठी तरी धावलं पाहिजे.

राहता राहिला परत जाण्याचा प्रश्न. जाऊच नकोस असं मी म्हणत नाही. दादा पंचाहत्तरीला आले आहेत, आणि परत जाणं हा कदाचित योग्य निर्णय ठरेलही. पण तो दुःखाच्या भरात घेऊ नकोस. आधी दादांना विचार, त्यांना काय हवं आहे. त्यांना मुलगा घरात हवा आहे की मुलाचं बरं चाललेलं हवं आहे, हे तू परस्पर ठरवतो आहेस. सूनबाईंना विचार, त्यांच्या नोकरीचं काय होईल. तिकडे काम काय करशील, बाळाला कुठे वाढवायचं आहे, याचा वर्षभर विचार कर. त्या वर्षात वर सांगितलेली कामं नेमाने कर. वर्षाअखेर तरीही जावंसं वाटलं तर खुशाल जा, मी तुझ्या बाजूने उभी राहीन. मात्र आजीचं ऋण फेडायला म्हणून जाऊ नकोस. ते ऋण राजीनाम्याने फिटत नाही. तिने आम्हा भावंडांना वाढवलं ते रोजच्या कामातून, आणि तिच्या नातवाकडूनही तिने तेच मागितलं असतं.

उद्या दुपारी ताईला फोन कर. आधी तिची चौकशी कर, तिला झोप लागते का ते विचार, आणि मग विचार, "मी कुठलं काम घेऊ?" सुरुवात तिथून कर.

तुझी,
आत्या