एक जलाशय, अनेक चोंची

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यांत, गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ, नांदूरमध्यमेश्वर येथें बंधाऱ्यामुळें विस्तीर्ण उथळ जलाशय झाला आहे. त्याची गणना जागतिक महत्त्वाच्या रामसर पाणथळांत झाली आहे. हिवाळ्यांत उत्तरेकडून बदकांचे थवे अशा जलाशयांवर उतरतात. इतक्या तोंडांस एकच पाणी कसें पुरतें, याचा विचार आम्ही करूं.

थापट्या बदकाची चोंच फावड्यासारखी रुंद असून तिच्या कडांस फणीसारखे बारीक दांते असतात. तें पृष्ठभागावरील पाणी गाळून त्यांतील सूक्ष्म जीव व बीं खातें. तलवार बदकाची मान लांब. तें शेपूट वर करून डोकें बुडवितें व आंखूड मानेच्या बदकांस न लागणाऱ्या तळांतील दाणे काढतें. शेंडी बदक सबंध बुडी मारून शिंपले व जलकीटक टिपतें. चक्रवाक कांठावरील कोवळें गवत व धान्य खातो.

हे पक्षी परस्परांवर दया करून मागें सरतात असें नाहीं. अन्न विपुल असतां ते एके जागीं मिसळूनही चरतात. परंतु टंचाईंत चोंचीची घडण व मानेची लांबी ज्याला त्याला आपली जागा दाखविते. आणि पाणी कोठें उथळ, कोठें खोल आहे, म्हणूनच हें साधतें. सगळा तळ सारखाच खोल केला, तर बुडी मारणारीं बदकें राहतील, बाकीचीं उडून जातील.

बंधुभगिनींनो, आमच्या खेड्यांतील मंडळ्यांकडे पाहूं. एका भावाला उपदेश करितां येतो. दुसऱ्याला आजाऱ्याच्या उशाशीं रात्र काढितां येते. एखाद्या विधवा भगिनीला अक्षरओळख नाहीं, तरी मुलें तिच्याभोंवतीं बसून शास्त्रांतील कथा ऐकतात. जो व्यासपीठावर बोलतो तोच सेवक, असें आम्ही मानिलें म्हणजे मंडळी एकाच खोलपणाचें तळें होते. मग कित्येक उपाशी निघून जातात आणि आम्ही म्हणतों, त्यांचा विश्वास थंडावला. पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १२ व्या अध्यायांत देहाच्या अवयवांचा दृष्टांत दिला, तो याच दुखण्यावर. पक्ष्यांत जें घडणीनें होतें, तें आम्हांस प्रीतीनें करावें लागतें.

येत्या रविवारीं शिक्षकांनीं हा अध्याय वर्गांत वाचून विचारावें : आपल्या मंडळींत कोणाच्या कृपादानाला अद्याप जागा मिळालेली नाहीं? उत्तर सांपडल्यावर त्याच आठवड्यांत त्या घरीं जावें.