घर घेणाऱ्याचे दप्तर

सामान्य गृहस्थ आयुष्यभराच्या मिळकतीतून जी सर्वांत मोठी वस्तू विकत घेतो, ती खरेदीच्या दिवशी बहुधा अस्तित्वातच नसते. कागदावर नकाशा असतो, जमिनीत पाया असतो, फार तर दोन मजल्यांचा सांगाडा उभा असतो, आणि तेवढ्यावर विसंबून तो पुढील वीस वर्षांचे हप्ते लिहून देतो. ह्या व्यवहारात विक्रेत्याला सर्व ठाऊक आणि ग्राहकाला जवळजवळ काहीच नाही, अशी जी विषमता असते ती ग्राहकाच्या चातुर्याने भरून निघणारी नसल्यामुळे शासनाने मध्ये उभे राहिले पाहिजे, हे तत्त्व आपल्या राज्याने १९६३ च्या सदनिकाविषयक कायद्यातच मान्य केले होते. परंतु त्या कायद्याच्या अंमलावर नजर ठेवणारी स्वतंत्र नियामक संस्था नव्हती. २०१६ मध्ये संसदेने स्थावर संपदा अधिनियम केला आणि २०१७ मध्ये महाराष्ट्राचे प्राधिकरण, ज्याला सर्वजण महारेरा म्हणतात, ते स्थापन झाले, तेव्हा ही उणीव दूर झाली. त्या प्राधिकरणाकडे दाद मागण्याचा प्रसंग माझ्यावर आला, आणि त्यातून जे उमगले ते घर घेऊ पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडावे, ह्या तळमळीने हे लिहीत आहे.

पुण्याच्या पूर्वेकडील एका वाढत्या वस्तीत आम्ही उभयतांनी निवृत्तीच्या रकमेतून सदनिका नोंदवली. करारात लिहिलेली ताब्याची मुदत उलटून दोन वर्षे होत आली तरी इमारतीचे वरचे मजले विटांच्या भिंतींपुढे सरकले नव्हते, आणि विकासकाच्या कचेरीत प्रत्येक वेळी निराळा कारकून निराळे कारण सांगत असे. आमच्याच इमारतीत घर घेतलेल्या एक वयोवृद्ध शिक्षिका होत्या. ‘करारनामा पुढच्या महिन्यात करू, तूर्त एवढी रक्कम भरून दर बांधून घ्या’, असे सांगून त्यांच्याकडून किमतीचा बराच मोठा भाग आधीच घेण्यात आला होता, आणि त्यातील काही रोख रकमेची पावती कोऱ्या चिटोऱ्यावर दिली होती. फिर्याद आम्हीही केली आणि बाईंनीही, दोघांचीही बाजू न्याय्य होती. तरी शेवटी दोघांच्या पदरात पडले ते सारखे नव्हते. बाईंची रोख रक्कम विकासकाने साफ नाकारली, आणि जी रक्कम बँकेतून गेली तेवढीच हिशेबात धरली गेली. त्या दिवशी बाईंचा चेहरा पाहवत नव्हता. ज्याने त्यांच्या विश्वासाचा असा उपयोग केला त्याच्याविषयी माझ्या मनात आजही क्षमा नाही.

वास्तविक असा प्रसंग येऊ नये म्हणूनच ह्या अधिनियमाच्या तेराव्या कलमात स्पष्ट निर्बंध आहे: विक्रीचा लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय विकासकाने किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घ्यावयाची नाही. (१९६३ च्या कायद्यात हीच मर्यादा वीस टक्क्यांची होती.) दहा टक्क्यांचे हे एक वाक्य प्रत्येक ग्राहकाने पाठ करावे, आणि दर वाढण्याची भीती घालून कोणी अधिक मागितल्यास तेथून उठून यावे.

तत्पूर्वीची गोष्ट म्हणजे प्रकल्पाची नोंदणी. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरील, तसेच आठांपेक्षा अधिक सदनिकांचा, प्रकल्प नोंदणीवाचून विकता येत नाही, त्याची जाहिरातसुद्धा करता येत नाही. आणि दलालालाही स्वतःची नोंदणी करावी लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात जाहिरातीवर क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले असल्याने मोबाइलवर प्रकल्पाच्या नोंदणीची माहिती क्षणात उघडते. परंतु नोंदणीचा क्रमांक पाहून समाधान मानणे पुरेसे नव्हे. नोंदणी म्हणजे शासनाने दिलेली हमी, असा समज मी अनेक सुशिक्षितांच्या तोंडून ऐकला आहे. तो चुकीचा आहे. नोंदणीमुळे विकासकाला आपली कागदपत्रे चव्हाट्यावर मांडावी लागतात, ती वाचण्याचे काम आपले राहते. जमिनीचा हक्क, तीवरील बोजा, चालू असलेले दावे, मंजूर नकाशे, चटई क्षेत्र, विकल्या गेलेल्या आणि शिल्लक असलेल्या सदनिका हे सर्व प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते, आणि दर तिमाहीस ती माहिती अद्ययावत करण्याचे बंधन विकासकावर असते. ज्याने ते टाळले आहे त्याच्या दारी जाऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेचा सत्तर टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो आणि वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल ह्यांच्या दाखल्यांवाचून, कामाच्या प्रगतीच्या प्रमाणाबाहेर, तो काढता येत नाही. एका प्रकल्पाचा पैसा दुसऱ्या जमिनीत गुंतवण्याच्या जुन्या रोगावर हा उपाय योजलेला आहे.

आमच्या प्रकरणात खरा वाद तारखेचा झाला. विकासकाने प्राधिकरणाकडे प्रकल्पपूर्तीची जी तारीख कळवली होती ती करारातील ताब्याच्या तारखेहून बरीच पुढची होती, आणि ती अद्याप यावयाची असल्याने विलंब झालाच नाही, असा त्याच्या वकिलाचा युक्तिवाद होता. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ च्या निर्णयात हे प्रश्न विस्ताराने हाताळले असून, विलंब मोजावयाचा तो करारातील तारखेपासूनच, हे त्यातून निश्चित झालेले आहे. म्हणून करारनाम्यात ताब्याची तारीख दिवस, महिना व वर्ष ह्यांसह लिहिलेली आहे की नाही, हे सही करण्यापूर्वी पाहावे; ‘सर्व परवानग्या मिळाल्यानंतर’ अशा शब्दरचनेवर सही करू नये. विलंब सिद्ध झाला की अठराव्या कलमान्वये ग्राहकाला दोन मार्ग खुले असतात: व्यवहार मोडून संपूर्ण रक्कम सव्याज परत घेणे, किंवा घर कायम ठेवून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घेणे. महाराष्ट्रात हा व्याजदर स्टेट बँकेच्या सर्वोच्च सीमांत कर्जदरात दोन टक्के मिळवून ठरतो. आम्ही दुसरा मार्ग स्वीकारला. तक्रारीचे शुल्क पाच हजार रुपये असते, वकील देण्याची सक्ती नसते. मी स्वतःच बाजू मांडली, आणि करार, प्रत्येक हप्त्याचा बँकेतील दाखला व पत्रव्यवहाराच्या पोचपावत्या तारीखवार लावलेल्या असल्यामुळे ते जड गेले नाही.

हुकूम आमच्या बाजूने झाला, परंतु हुकूम हाती येणे आणि पैसा हाती येणे ह्यांत केवढे अंतर आहे, ते त्यानंतर कळले. विकासकाने रक्कम दिली नाही म्हणजे पुन्हा अर्ज करून वसुलीचे अधिपत्र मागावे लागते. ते जिल्हाधिकाऱ्याकडे जाते, तेथून तहसीलदाराकडे, आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे, म्हणजे जप्ती व लिलाव ह्या मार्गाने होते. तहसील कचेरीत आधीच कामांचा डोंगर असतो, आणि कोणती मिळकत जप्त करावयाची हे तेथील अव्वल कारकुनाला कोणी सांगितले नाही तर प्रकरण पडून राहते. येथे त्याच संकेतस्थळाचा उपयोग झाला: आमच्याच प्रकल्पातील न विकलेल्या सदनिकांची यादी तेथून उतरवून, गट क्रमांकासह, आम्ही अर्जाला जोडली. त्या सदनिकांवर जप्तीची नोटीस लागल्यावर विकासकाने थकलेले व्याज भरले. ज्यांच्या हाती वसुलीचा हुकूम आहे त्यांनी अशी यादी स्वतः तयार करून द्यावी, आणि शिल्लक सदनिका विकल्या जाण्यापूर्वी द्यावी.

ताबा घेताना भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी. ती नसताना केवळ किल्ल्या देऊन ‘रंगकामासाठी’ सही मागितली जाते, ती करू नये. ताब्यानंतर पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या रचनेत वा कारागिरीत दोष आढळला व तो कळवला, तर तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी विकासकावर असते. आमच्या वरच्या मजल्यावरील कुटुंबाच्या भिंतीतून पहिल्याच पावसाळ्यात पाणी झिरपू लागले. त्यांनी तोंडी सांगणे थांबवून नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवले असून, त्याची पोच ताबापत्राला जोडून ठेवली आहे.