गणकयंत्राच्या पोटातील तार

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन लिअँड्रो येथील फ्रीडेन ही कंपनी दातेरी चाकांच्या गणकयंत्रांसाठी प्रसिद्ध होती. तिने १९६३ साली ईसी-१३० हे मेजावर ठेवावयाचे इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र जाहीर केले. त्याची रचना रॉबर्ट रेगन या अभियंत्याची. चाकांची जागा ट्रान्झिस्टरांनी घेतली होती आणि दूरचित्रवाणी संचाप्रमाणेच ऋणकिरण नलिकेच्या लहानशा पडद्यावर चार ओळींत आकडे उमटत.

असे यंत्र उघडताना वीजजोड काढला म्हणजे धोका टळला, ही समजूत घातक ठरू शकते. नलिकेला लागणारा उच्च विद्युत्‌दाब धारित्रांत काही काळ साठून राहतो. जाणत्या माणसाने योग्य रोधकामार्फत तो भार उतरवून मापकाने खात्री करून घ्यावी. तोपर्यंत आत हात घालू नये. नलिकेची काचेची मान नाजूक असते. आत निर्वात असल्याने ती फुटली तर काचा वेगाने उडतात. तारा सोडवण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, हे सांगावयास नको. तरी नवशिके नेमके तेच विसरतात.

खरे नवल आहे ते एका चपट्या डब्यात. त्यात लांब तारेची गुंडाळी असते, आणि अनभिज्ञ माणसाला ती निरुपयोगी वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः यंत्राची स्मृती ती हीच. आकडे विद्युत्‌स्पंदांच्या रूपाने एका टोकाशी येतात. तेथील वेटोळ्यातील चुंबकत्वामुळे जोडपट्टीची लांबी किंचित बदलते व तारेला क्षणिक पीळ बसतो. हा पीळ तारेतून सेकंदाला सुमारे तीन किलोमीटर वेगाने धावतो. दुसऱ्या टोकाला त्यापासून पुन्हा विद्युत्‌स्पंद निर्माण होतो. तो विवर्धित करून, नीट आकार देऊन, पहिल्या टोकाकडे परत धाडतात. एक सहस्रांश सेकंद संख्या राखून ठेवावयाची तर सुमारे तीन मीटर तार हवी. म्हणूनच ही गुंडाळी. येथे संख्या कोठेही स्थिर नसते. ती सतत प्रवासात असते, आणि वीज जाताच नाहीशी होते.

या रचनेमुळेच उघडणाऱ्याची जबाबदारी वाढते. जळालेला ट्रान्झिस्टर बदलता येतो, परंतु तारेला एकदा मुरड पडली की तेथून पिळाचा काही अंश मागे परततो आणि खऱ्या स्पंदांत खोटे स्पंद मिसळतात. मग सर्व मंडले निर्दोष असूनही पडद्यावर भलतेच आकडे दिसू लागतात व दोष कोठे आहे हे शोधताना दिवसचे दिवस जातात. टोकांची जुळणी हलल्यास स्पंद ठरल्या क्षणाच्या आगेमागे पोचतात. त्याचाही परिणाम तोच.

तेव्हा डबा शक्यतो उघडूच नये. उघडलाच, तर तार आधारांतून सोडवू नये, तिला बोट लावू नये, आणि झाकण बसवताना ते तिला टेकत नाही, एवढे पाहावे.