थुंकीतली टक्केवारी आणि आपले पूर्वज



हल्ली परदेशी गेलेली आपली मुले नळीत थुंकी भरून कंपनीकडे पाठवितात आणि काही आठवड्यांनी ‘तुमचे पूर्वज इतके टक्के इथले, इतके टक्के तिथले’ असा निकाल येतो. मग घरात प्रश्न निघतो, आपण मूळचे कोण? दीक्षा घेताना टाकलेली जात या कागदातून परत तर येणार नाही ना? प्रश्न रास्त आहे. म्हणून हा निकाल वाचावा कसा, ते समजून घ्या.

कंपनी तुमच्या पूर्वजांना तपासत नाही. ते तिला कुठे सापडणार? निरनिराळ्या प्रदेशांतील आजच्या लोकांचे नमुने तिच्याजवळ असतात. तुमच्या डीएनएचे तुकडे त्यांच्याशी ताडून पाहिले जातात. समजा, एका व्यापाऱ्याकडे मालदांडी आणि दगडी ज्वारीचे दोनच ढीग आहेत. तुम्ही तिसऱ्याच वाणाची ओंजळभर ज्वारी नेलीत, तर जिच्याशी ती अधिक मिळते त्या ढिगात तो ती टाकील. पुष्कळ कंपन्यांकडे युरोपीय लोकांचे नमुने भरपूर आणि भारतीयांचे त्या मानाने थोडे आहेत. नवा ढीग आला की तुमचे आकडे बदलतात. पूर्वज तेच असतात. २०१९ साली कॅनडातील दोन जुळ्या बहिणींनी पाच कंपन्यांकडे नमुने पाठविले. दोघींचा डीएनए जवळजवळ एकच, तरी आकडे जुळले नाहीत. दोन-तीन टक्क्यांवर वंशावळ रचणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

सख्ख्या भावंडांचे आकडे वेगळे आले तर मात्र कोणी शंका घेऊ नये. आई-वडिलांकडून निम्मा-निम्मा वाटा मिळतो, पण कोणता निम्मा, हे प्रत्येक मुलागणिक बदलते. दहा पिढ्या मागे गेलात तर पूर्वजांच्या १०२४ जागा होतात. त्यांतील अनेकांचा एकही तुकडा तुमच्या अंगात उरलेला नसतो. म्हणून काय ते तुमचे पूर्वज नव्हते?

आता जातीविषयी. इंग्रजी अमदानीत रिस्ले नावाच्या अधिकाऱ्याने लोकांची नाके मोजली आणि नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा सिद्धान्त मांडला. परमपूज्य बाबासाहेब त्या मापांना घाबरले नाहीत. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी नाकांच्या मापांचेच कोष्टक समोर ठेवले आणि दाखवून दिले, की या मापांवरून ब्राह्मण व अस्पृश्य भिन्न वंशाचे ठरत नाहीत. आपणही आकडा असाच उलटून तपासावा.

२०१३ साली हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथील लोकसमूहांची मोठी सरमिसळ झाली. ती भिल्लांपर्यंत जवळजवळ सर्वांत आढळते. प्रमाण कमी-अधिक आहे, एवढेच. त्यानंतर जातीतल्या जातीत लग्ने होऊ लागली आणि सरमिसळ थांबली. म्हणजे रक्त निराळे म्हणून जाती झाल्या नाहीत. बेटीबंदीने माणसे वेगळी ठेवली. जातीचे मूळ बेटीबंदीत आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच न्यूयॉर्कमध्ये वाचलेल्या निबंधात सांगितले होते.

तरीही चाचणी करायची असेल तर आधी घरच्यांना विचारा, कारण तुमच्या नळीतून भावंडांची, चुलत्यांचीही माहिती बाहेर जाते. ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या अमेरिकन कंपनीकडील सुमारे ६९ लाख लोकांची माहिती २०२३ साली चोरांच्या हाती लागली, आणि मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.