अनुत्सुक नायकाचे वीरत्व : ‘द हॉबिट’च्या चित्ररूपाचा विचार

भारतीय साहित्यशास्त्राने वीररसाचा स्थायीभाव ‘उत्साह’ हा मानला आहे. मग ज्या नायकाच्या ठायी आरंभी उत्साहाचाच अभाव आहे, त्याच्या कथेची व्यवस्था कशी लावावयाची? जे. आर. आर. टोल्किन यांची ‘द हॉबिट’ (१९३७) ही कादंबरी आणि तीवर आधारलेल्या पीटर जॅक्सन यांच्या चित्रत्रयीतील पहिला चित्रपट ‘द हॉबिट : अ‍ॅन अनएक्स्पेक्टेड जर्नी’ (२०१२) यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

१. नकाराचे स्वरूप

जोसेफ कॅम्पबेल यांनी ‘द हीरो विथ अ थाउजंड फेसेस’ (१९४९) या ग्रंथात वीरकथेच्या सामान्य आकृतिबंधाची मांडणी केली. आवाहन आणि त्याचा नकार हे त्यातील आरंभीचे टप्पे होत. मात्र नकार म्हटला की तो सर्वत्र एकाच जातीचा असतो, असे नाही. कुरुक्षेत्रावरील अर्जुनाचा नकार कृत्याच्या परिणामांतून, स्वजनवधाच्या जाणिवेतून येतो. बिल्बो बॅगिन्सचा नकार सुखवस्तू गृहस्थाचा आहे. गॅन्डाल्फ हा जादूगार तेरा ड्वार्फ त्याच्या घरी आणून बसवतो. स्मॉग या ड्रॅगनने बळकावलेले त्यांचे राज्य परत मिळवण्याच्या मोहिमेत बिल्बोने सामील व्हावे, अशी त्यांची अपेक्षा असते.

येथे कादंबरी आणि चित्रपट यांच्या वाटा वेगळ्या होतात. कादंबरीत दुसऱ्या दिवशी सकाळी गॅन्डाल्फ बिल्बोला जवळजवळ ढकलूनच घराबाहेर काढतो. टोपी, काठी, रुमाल घेण्यासही त्याला अवसर मिळत नाही. चित्रपटात बिल्बो रात्री स्पष्ट नकार देतो. सकाळी जाग येते तेव्हा घर रिकामे, नीटनेटके आणि निःशब्द असते. त्या शांततेत त्याला करारपत्र दिसते आणि तो धावत सुटतो. विनोदी अपघाताच्या जागी येथे निर्णय आला आहे. ज्या शांततेसाठी नकार दिला, तीच आता पोकळ भासते, हे दिग्दर्शकाने संवादाविना दाखवले आहे.

२. उत्साहाचे उगमस्थान

चित्रपटाची सर्वांत मोलाची भर पुढे येते. वाटेत बिल्बो एकदा तांडा सोडून परत निघतो. म्हणजे त्याची अनिच्छा एका रात्रीत संपलेली नाही. गॉब्लिनांच्या गुहांतून सुटल्यावर तो का परतला, असे थॉरिन विचारतो. आपल्याला घराची सतत आठवण येते, पण या सोबत्यांना घरच उरलेले नाही, म्हणून ते मिळवून देण्यास आपण मदत करू, अशा आशयाचे उत्तर बिल्बो देतो. हा संवाद कादंबरीत नाही. नकाराचे जे कारण होते, तेच येथे सहभागाचे कारण होते. घराची ओढ नष्ट होत नाही. ती परदुःखाच्या जाणिवेने विस्तारते. नायकाचा उत्साह बाहेरून आणलेला नसून अनिच्छेतूनच तो घडला आहे.

३. दयावीर की युद्धवीर?

विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त वीराचे दानवीर, धर्मवीर, युद्धवीर आणि दयावीर असे चार प्रकार सांगितले आहेत. बिल्बो यांपैकी दयावीर ठरतो. अदृश्य करणारी अंगठी बोटात, तलवार हाती आणि निःशस्त्र गॉलम वाट अडवून उभा, अशा क्षणी तो वार न करता त्याच्यावरून उडी मारून निघून जातो. कादंबरीत निवेदक त्याच्या मनातील विचार सांगतो. चित्रपटात गॉलमचा व्याकूळ चेहरा आणि बिल्बोचा थबकलेला हात एवढेच पुरते. पहिल्या आवृत्तीत हा प्रसंग नव्हता. १९५१ च्या सुधारित आवृत्तीत टोल्किन यांनी तो घातला, हेही लक्षणीय आहे. दयावीरत्व ही कृतीच्या पुनर्लेखनात गवसलेली दिशा आहे.

परंतु चित्रपटाचा शेवट या दिशेशी विसंगत आहे. एकोणीस प्रकरणांची कादंबरी तीन भागांत विभागल्यामुळे सुमारे सहा प्रकरणांनंतरच उत्कर्षबिंदू निर्माण करणे भाग पडले. त्यासाठी बिल्बो थॉरिनच्या रक्षणार्थ शत्रूवर झेपावतो, एकाला ठार करतो आणि त्यानंतर थॉरिन त्याला आलिंगन देतो. कादंबरीत या प्रसंगी तो इतरांबरोबर झाडावर अडकलेला आहे. तेथेही तो पुढे कोळ्यांशी झुंजतो. परंतु पहिला कोळी मारतो तो अंधारात, एकटा, कोणी पाहत नसताना. चित्रपटात मात्र नायकत्वाला मान्यता मिळते ती शस्त्र उचलल्यावर. गॉलमला सोडल्याचे कोणास ठाऊकही नसते.

४. समारोप

या विसंगतीचा काही अंशी परिहार तिसऱ्या चित्रपटात (२०१४) होतो. युद्ध टळावे म्हणून बिल्बो थॉरिनला प्राणप्रिय असलेले आर्केनस्टोन हे रत्न प्रतिपक्षाच्या हाती देतो आणि त्याचा रोष ओढवून घेतो. महायुद्धाच्या शेवटी तो बेशुद्ध पडलेला असतो, हे कादंबरीतील सूत्रही तेथे कायम आहे.

माध्यमांतराचा अभ्यास करताना केवळ प्रसंगांची वजाबाकी-बेरीज करणे पुरेसे नाही. नायकाचा कोणता गुण कृतीने मोलाचा मानला आणि त्याला कोणासमोर मान्यता मिळवून दिली, हे पाहावे लागते. दया एकांतात घडते आणि पराक्रमाला प्रेक्षक लागतो. दृश्यप्रधान माध्यमाला पहिली टिपता येते, हे गुहेतील प्रसंगाने सिद्ध केले आहे. तिच्यावर अखेरपर्यंत विश्वास टाकणे मात्र पहिल्या चित्रपटाला साधलेले नाही.